हिरवं कर्ज घेतलं, कंपनीचा धूर कमी झाला का?

मे 2017 मध्ये रेप्सॉल या स्पॅनिश तेल कंपनीने 50 कोटी युरोचे हरित रोखे काढले. पैसा जाणार होता तिच्याच रिफायनऱ्यांमध्ये, तेवढंच तेल शुद्ध करायला कमी इंधन जळावं म्हणून. त्यात खोटं काही नव्हतं. तरी वाद पेटला: कमी इंधनात तयार झालेलं पेट्रोल शेवटी कुणाच्या तरी गाडीत जळणारच ना? काही हरित निर्देशांकांनी, म्हणजे हरित रोख्यांच्या बाजारातल्या याद्यांनी, हे रोखे घेतलेच नाहीत.

हरित रोखा म्हणजे साधं कर्जच. मुद्दल मुदतीला परत, व्याज ठरल्याप्रमाणे. फरक एवढाच, की हा पैसा सौरऊर्जा, पवनचक्क्या, सांडपाणी शुद्धीकरण अशा कामांवरच लावू, असं कंपनी आधी सांगते आणि त्याचा हिशेब जाहीर करते. म्हणजे हिरवं असतं ते काम. कंपनी हिरवी असेलच असं नाही. त्यात पैशाला रंग नसतो. सौर प्रकल्पाचा खर्च रोख्यांतून भागला, की कंपनीचा स्वतःचा तेवढा पैसा मोकळा होतो. तो कोळशाकडे वळला, तर रोख्याच्या हिशेबात त्याचा मागमूसही दिसत नाही.

मग कंपनी बदलते तरी का? कॅरोलिन फ्लॅमर या संशोधिकेचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणतो, बदलते. त्यांनी हरित रोखे काढणाऱ्या कंपन्यांची तुलना साधे रोखे काढणाऱ्या, बाकी बाबतींत तशाच कंपन्यांशी केली. रोखे काढल्यानंतर हरित रोखेवाल्या कंपन्यांचं कार्बन उत्सर्जन घटलं, पर्यावरणाच्या कामगिरीबद्दल मिळणारे गुण वाढले. आणि त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेतलेल्या रोख्यांच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसलं. गंमत म्हणजे व्याज काही स्वस्त पडलं नव्हतं. मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पदरात स्वस्त पैसा पडत नसताना कंपनी तपासणीचा खटाटोप करते, तेव्हा ती चारचौघांत शब्द देत असते. याउलट, 2020 मध्ये बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या, म्हणजे देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांच्या बँकेच्या, अभ्यासकांनी अख्ख्या कंपनीचं उत्सर्जन पाहिलं, तेव्हा हरित रोख्यांमुळे ते घटतंच असं त्यांना दिसलं नाही. शब्द दिला म्हणून तो पाळला जातोच असं नाही, हे उघड आहे.

शब्द मोडला तर काय, याचं उत्तर इटलीच्या एनेल या वीज कंपनीने 2019 पासून वेगळ्या रोख्यांत दिलं. पैसा कुठेही लावा, पण ठरलेलं उद्दिष्ट चुकलं तर व्याज पाव टक्क्याने वाढणार. 2023 साठी उद्दिष्ट होतं दर युनिट विजेमागे 148 ग्रॅम कार्बन उत्सर्जनाचं. प्रत्यक्षात आकडा आला 160. युक्रेन युद्धानंतरच्या गॅसटंचाईत इटलीत कोळसा जास्त जाळावा लागला होता, पण कारण कुणी विचारलं नाही. अनेक रोख्यांवरचं व्याज वाढलं. हरित रोख्यांना असा दात नसतो. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आणि माणसांचं काय? हरित रोख्यांच्या अहवालांत मेगावॉट आणि वाचलेला कार्बन ठळक छापलेला असतो. जैसलमेरकडे ‘ओरण’ असतात, आपल्या देवराईसारख्या, देवाच्या नावाने राखलेल्या जमिनी. तिथे गुरं, उंट चरतात. सौर प्रकल्पांना त्या देऊ नयेत म्हणून गावकरी आंदोलनं करताहेत. किती मेगावॉट वीज झाली, हे मोजणाऱ्या तक्त्यात किती उंटांचा चारा गेला याला रकाना नाही.