पावसाच्या शोधनिबंधावर इतकी नावे का असतात?

वातावरणभौतिकीतला एखादा शोधनिबंध उघडला, की शीर्षकाखाली दहा-पंधरा नावांची रांग दिसते: कोणी विद्यापीठातले प्राध्यापक, कोणी त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी, कोणी हवामान खात्यातले, तर कोणी परक्या देशातले. भौतिकी म्हटल्यावर एकांतात विचार करणारा न्यूटन आठवणाऱ्या वाचकाला ही गर्दी खटकते. ती का लागते, हे कोकणच्या पावसात रडारची जी अडचण होते तिच्यावरून चांगले समजते.

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवर आपटून परतलेल्या लहरींची ताकद मोजते. ही ताकद थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्यातले पाणी आठपट होते, पण रडारला परत मिळणारी ताकद ६४ पट होते. त्यामुळे वळवाच्या टपोऱ्या थेंबांचा पाऊस आणि आषाढातली बारीक थेंबांची संततधार यांचे जमिनीवर पडलेले पाणी सारखे असले, तरी रडारच्या पडद्यावर ती दोन निराळी चित्रे उमटतात. कोकणची पंचाईत इथेच आहे. अरबी समुद्रावरून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगाने वाहणारा दमट वारा हजार मीटरच्या सह्याद्रीला अडून वर चढतो, आणि त्यातून तयार होणारे बरेचसे ढग फारसे उंच नसतात. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश तापमान सुमारे पाच किलोमीटरवर असते. त्याच्या खालीच, बर्फाची मदत न घेता, मेघकण एकमेकांवर आदळून मोठे होतात. शंभरांश मिलिमीटर व्यासाच्या मेघकणांपासून एक मिलिमीटरचा थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. समुद्राच्या तुषारांतून उडालेले मिठाचे मोठे कण या कामाला हातभार लावतात. अशा ढगांतला पाऊस बहुधा बारीक थेंबांचा असतो, म्हणून रडारला तो असतो त्यापेक्षा कमी भासू शकतो.

मग रडारवाल्याला थेंबांचे आकार कोण सांगणार? त्यासाठी डिसड्रोमीटर हे थेंबमापक यंत्र लागते, आणि ते शक्यतो ढग जिथे जमिनीला टेकतो तिथे ठेवावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली ती याच विचाराने. तिथे पावसाळ्यात ढगात जायला विमान लागत नाही, ढगच खिडकीशी येतो. मात्र दिवसचे दिवस धुक्यात राहणाऱ्या यंत्रांच्या भिंगांवरची ओल पुसणारा, वीज गेली की विदा, म्हणजे नोंदींची मालिका, तुटली का ते पाहणारा तंत्रज्ञ नसेल, तर प्राध्यापकांच्या समीकरणांना घालायला आकडेच उरत नाहीत. माझ्या मते गटातल्या या माणसाची गणना नेहमीच कमी होते.

दुसरी अडचण भूमितीची आहे. रडारचा झोत क्षितिजाशी अर्ध्या अंशाचा कोन करून निघाला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे तो जमिनीपासून दूर दूर जात राहतो. कुलाब्याहून निघालेला झोत शंभर किलोमीटरवरच्या श्रीवर्धनला पोहोचतो तेव्हा तो सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि दोनशे किलोमीटरपलीकडच्या रत्नागिरीवर तर चार किलोमीटरहून वर. उथळ ढगांतला मुसळधार पाऊस त्याच्या पोटाखालून निसटू शकतो. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या गणकयंत्रावरच्या प्रारूपाचेही काहीसे असेच आहे: त्याची एकेक चौकट काही किलोमीटरची असते, मेघकण त्यात दिसतच नाही, म्हणून त्याच्या जागी सूत्र बसवावे लागते आणि त्या सूत्रातले सहगुणक पुन्हा थेंबमापकाच्या नोंदींवरूनच ठरतात. मुंबई आणि पणजीहून सोडले जाणारे फुगे हवेच्या वरच्या थरांतले तापमान आणि आर्द्रता कळवतात.

या सगळ्याचा ताळा शेवटी साध्या पर्जन्यमापकाशी पाहायचा असतो. तालुक्याच्या गावी कोणीतरी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्रात पाणी ओतून आकडा लिहितो. माडाच्या झावळीखाली ठेवलेले पर्जन्यमापक खोटे बोलते, म्हणून ते उघड्यावर ठेवणे हेही शास्त्रच आहे. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोन्ही ठिकाणी नोंद झाली नसती, तर हा फरक कोणी खरा मानला नसता.

असे सहकार्य कोकणाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात कुलाब्याच्या वेधशाळेत एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली चुंबकत्व आणि हवामानाची निरीक्षणे घेणारा तरुण होता अलिबागजवळच्या नागावचा, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ग्रहगणितासाठी केरूनाना प्रसिद्ध झाले, पण सुरुवात तापमापक-वायुभारमापकांच्या नोंदवहीपासून होती. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र मुंबईत आले, आणि अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज त्या हवामान कार्यक्रमाचे प्रमुख होते. त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात ईशान्य अरबी समुद्रावरच्या एका पावसाळी प्रणालीत संशोधक विमाने गेली. फॉरेस्ट मिलर आणि आर. एन. केशवमूर्ती या हवामानशास्त्रज्ञांनी विमानांच्या, फुग्यांच्या आणि जमिनीवरच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा एक चमत्कारिक भोवरा हाती लागला: समुद्रपातळीवर जेमतेम जाणवणारा आणि तीन ते सहा किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरदार. केवळ जमिनीवरचा वायुभार पाहणाऱ्याला तो नीट कळलाच नसता. आजही उत्तर कोकण आणि गुजरातच्या अतिवृष्टीचा विचार करताना या मध्यस्तरीय चक्रवाताचे नाव निघते.

निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश असतो. त्यात ‘पर्जन्यमानाच्या नोंदी हवामान खात्याच्या सौजन्याने’ अशी एक ओळ येते, आणि साडेआठ वाजता पाणी मोजणारा त्या ओळीत असतो.