वहीत नाव नव्हतं

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत आमचे एक मामा राहतात. उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात गेला. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा सुरू केलं. शुद्धीवर आल्यावर मामा म्हणाले, "दोघं जण घेऊन गेले. तिथं एक जण वही चाळत बसलेला. मला बघून म्हणाला, ह्यो न्हवं, दुसरा आणा."

मामी म्हणाली, "सपान पडलं असंल." मामा भडकले. "सपान कुठलं आन् खरं कुठलं, मला कळत न्हाई व्हय?"

मामींच्या बाजूने एक पुरावा आहे. सतवंत पसरीचा आणि इयन स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा १६ जणांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांत यमदूत, वही आणि चुकीचा माणूस उचलल्याचा घोळ पुन्हा पुन्हा येतो. (आपल्याकडे यमाची कचेरीसुद्धा तलाठ्याच्या कचेरीसारखीच चालते.) अमेरिकेतले लोक बोगदा आणि टोकाचा उजेड सांगतात, तो आपल्याकडे क्वचितच. म्हणजे स्वप्नासारखंच इथेही मेंदू आपल्याच फडताळातलं सामान काढतो.

पण मामांचंही चुकत नाही. गच्चीवर चादर पसरून झोपायची तयारी चालली होती, तेव्हा मी त्यांना विचारलं, काल रात्री काय स्वप्न पडलं? आठवेना. यमाच्या वहीचा रंग मात्र अजून सांगतात.

ठसठशीत स्वप्नं पडतात ती बहुतेक रेम झोपेत. बंद पापण्यांआड बुबुळं भिरभिरतात, हातपाय लुळे असतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे जागेपणीचं रसायन तेव्हा मेंदूत जवळजवळ थांबलेलं असतं. स्वप्न विरून जाण्याचं ते एक कारण मानतात. मृत्यूच्या उंबऱ्यावरच्या आठवणी मात्र प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांपेक्षाही तपशीलवार असतात, असं बेल्जियममधल्या लिएजच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं.

मग दोन्हींचं नातं काय? केविन नेल्सन या मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये असा अनुभव आलेल्या ५५ जणांना झोपेबद्दल विचारलं. ६० टक्के लोकांच्या बाबतीत रेम झोपेची लक्षणं जागेपणात घुसत होती, उदाहरणार्थ जाग आली तरी अंग हलत नाही. इतरांत हे प्रमाण २४ टक्के होतं. मला हे चुलत नातं वाटतं, सख्खं नव्हे. शिवाय नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनाच काही आठवलं. प्राणवायू तर सगळ्यांच्याच मेंदूला कमी पडला होता; मग बाकीच्यांना का नाही, हे नुसत्या त्या तुटवड्याने सुटत नाही.

मिशिगनच्या जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने २०२३ मध्ये व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या मेंदूची नोंद मांडली. दोघांत अखेरच्या क्षणी गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी, एकदम उसळल्या होत्या. मेंदू विझताना भडकतो, असं दिसलं खरं. पण त्यांना काय दिसलं हे सांगायला दोघंही परतले नाहीत. मामा परतले, तर त्यांच्या डोक्याला तेव्हा तारा लावलेल्या नव्हत्या.