कळंगुट शहर आहे, मग तिथे सरपंच कसा?

2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी. पण त्या वेळी पणजी महापालिका आणि सगळ्या नगरपालिका मिळून आकडा होता 14. मग एवढे शहरी लोक राहतात कुठे? त्यातले बरेचसे चक्क ग्रामपंचायतीत.

कळंगुट, कांदोळी ही ‘सेन्सस टाउन’, म्हणजे जनगणना नगरं. गोव्यात अशी 56 निघाली. अटी तीन: लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि वर्षातले किमान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. हो, फक्त पुरुष. बाई दिवसभर भातशेतीत राबत असली तरी या कसोटीत ती नाहीच. शिवाय ही यादी मोजणीआधीच तयार होते. 2011 साठी 2001 चे आकडे वापरून, तेव्हा 4,000 च्या पुढे असलेली गावं तपासली गेली.

ही फक्त मोजणाऱ्यांची वर्गवारी. तिने गावचा कारभार तसूभरही बदलत नाही. सरपंच तोच, ग्रामसभा तीच. कळंगुटचा कचरा आणि वाहतूक शहराची, ती सांभाळायची पंचायतीच्या बळावर. खरी ओढाताण इथे आहे.

नगरपंचायतीचं उलट. ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने जन्मते आणि कारभारच बदलून टाकते. महाराष्ट्रात सरपंच जाऊन नगराध्यक्ष येतो, सदस्यांच्या जागी 17 नगरसेवक, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) जागी मुख्याधिकारी. ग्रामसभा संपते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मत देता येत नाही.

कायद्यात नगरपंचायतीसाठी लोकसंख्या 10,000 ते 25,000 अशी आहे. तरी 2014 मध्ये सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, तेव्हा सिंधुदुर्गातल्या वैभववाडीसारखी छोटी ठिकाणंही त्यात आली. एकदा नगरपंचायत झाली की जनगणना त्या तीन अटी लावत बसत नाही, थेट शहरी धरते. म्हणून 2011 नंतर नगरपंचायत झालेली वैभववाडी पुढच्या जनगणनेत कळंगुटसारखीच ‘शहरी’ रकान्यात येईल.

आपलं गाव कशात मोडतं हे बघायचं तर घरपट्टीची पावती काढा. वर ग्रामपंचायतीचं नाव असेल, तर जनगणना काहीही म्हणो, तक्रार घेऊन सरपंचाकडेच जायचं.