पर्समधले नऊ डॉलर

चाचणी झाली, पेपर गोळा केले. पुढच्या तासाला तेच पेपर मुलांच्या हातात परत आले, सोबत उत्तरांचा कागद. आपला पेपर आपणच तपासायचा आणि गुण मांडायचे. हातात पेन्सिल, शेजारी खोडरबर, वर लक्ष ठेवणारं कुणी नाही. मुलांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. मधल्या वेळात त्यांच्या प्रत्येक उत्तराची नक्कल करून ठेवलेली होती. कुणी काय खोडलं, काय नव्यानं लिहिलं, हे नंतर ताडून पाहता येणार होतं.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना अशा चाचण्या दिल्या. पहिला अहवाल १९२८ साली आला. चाचण्या तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. एकीत डोळे मिटून कागदावरच्या छोट्या वर्तुळांत खुणा करायच्या होत्या. हे न बघता साधणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे सगळ्या खुणा बरोब्बर वर्तुळात आल्या, की समजायचं, स्वारीनं डोळे किलकिले केले आहेत.

निकालानं भल्याभल्यांना गोंधळात टाकलं. पेपरात लबाडी करणारा मुलगा खेळात सरळ वागत होता. खेळात गुण वाढवून सांगणारी मुलगी पैशाच्या बाबतीत चोख होती. एका चाचणीतल्या वागण्यावरून दुसरीतल्या वागण्याचा अंदाज बांधायला गेलं, तर हाती फारसं काही लागत नव्हतं. सहसंबंध सरासरी ०.२ च्या आसपास. हा आकडा १ असता तर अंदाज बिनचूक ठरला असता, शून्य असता तर नुसतीच नाणेफेक. म्हणजे ‘प्रामाणिक मुलं’ आणि ‘लबाड मुलं’ असे दोन ढीग करता येईनात. पुढे हीच आकडेवारी नव्यानं तपासणाऱ्यांना वेगवेगळ्या प्रसंगांतून जाणारा प्रामाणिकपणाचा एक समान धागा सापडला खरा, पण तो बारीकच.

फसवणूक वाईट असते, हे जवळजवळ सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असण्याचा आणि प्रत्यक्ष वागण्याचा संबंध मात्र क्षीण निघाला. आठवड्याला एक तास ‘सत्य’, एक तास ‘सहकार्य’ अशी मूल्यशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. मूल्यशिक्षणाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा त्याच परीक्षेत कॉपी करू शकतो.

माझ्या मते त्या अहवालातला सगळ्यात कामाचा निष्कर्ष मात्र कमी चर्चिला गेला. फसवणुकीचं प्रमाण वर्गावर्गांत वेगळं होतं. शिक्षकांचं आणि मुलांचं जिथे मोकळं, सहकार्याचं नातं होतं, तिथे ते कमी दिसलं. म्हणजे प्रामाणिकपणा काही अंशी मुलाचा असतो आणि काही अंशी वर्गाचा.

माध्यमिक शाळेत तर हे आणखीच खरं. तेरा ते सोळा या वयात सोबत्यांची नजर ही मोठी ताकद असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की अजून थोडं पुढे रेटायचं, एवढाच प्रश्न. एकट्यानं खेळताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फारसा फरक नव्हता. शेजारी मित्र बसवले, की किशोरांनी घेतलेली जोखीम जवळपास दुप्पट झाली. प्रौढांना मित्र असल्या-नसल्याचं सोयरसुतक नव्हतं. मेंदूत या वयात बक्षिसाला आणि शाबासकीला प्रतिसाद देणारी यंत्रणा जोरात असते, आणि लगाम खेचणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. हे ऐकून मोठी माणसं मान हलवतात आणि ‘संगत वाईट’ म्हणून मोकळी होतात. पण मित्रांची नजर गाडी दामटायला लावते, तशी ती चांगल्या वागण्याकडेही वळवता येईल का?

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग आधी वेगळ्या वाटेनं निघाले होते. आजारी बायकोसाठी नवऱ्यानं औषध चोरावं का, असे पेच मुलांपुढे टाकून त्यांची नैतिक विचारशक्ती ते मोजत. पुढे त्यांना उमगलं, की काल्पनिक पेच सोडवून भागत नाही, शाळेचे खरे पेच मुलांच्या हाती द्यायला हवेत. याच विचारातून १९७४ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एका सरकारी माध्यमिक शाळेच्या आत, ‘क्लस्टर स्कूल’ सुरू झालं. दर आठवड्याला सगळ्यांची सभा भरे. शिक्षकाला एक मत, विद्यार्थ्यालाही एकच.

तिथे चोऱ्या होत. सुरुवातीला मुलांचं म्हणणं असं, की वस्तू सांभाळायची नाही आणि मग ओरडायचं, चूक ज्याची त्याची. दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. सभेत सूचना आली, की प्रत्येकानं पंधरा सेंट काढून तिची भरपाई करायची. हिशेब साधा होता, साठेक जण आणि प्रत्येकी पंधरा सेंट. वाद मात्र साधा नव्हता. मी चोरी केली नाही, मग मी का भरू? हलगर्जी तिची, भुर्दंड आम्हाला? त्यावर एका मुलीनं मांडलं, की पैसे गेले, कारण इथे कुणाला कुणाचं पडलेलं नाही, तेव्हा दोष सगळ्यांचाच. शेवटी असं ठरलं, की पैसे परत करायला मुदत द्यायची आणि नाही आले तर सगळ्यांनी भरायचे.

पंधरा सेंट म्हणजे तेव्हाही किरकोळच. पण ‘तुझे पैसे गेले’ हे वाक्य ‘आपल्यात चोरी झाली’ असं बदललं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला सामूहिक जबाबदारी म्हणतात, ती इथे खिशाला लागली आणि म्हणून समजली. अशी सभा चालवणं दमवणारं काम आहे. तास वाया जातात, भांडणं होतात, मुलं चुकीचे निर्णयही घेतात. मोठ्या शाळेत हजार मुलांची सभा भरवता येणार नाही, हेही उघड आहे.

तिथे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती उपयोगी पडते. त्यांनी न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत, २४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये एक प्रयोग केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. आधी मुलांना विचारलं, की तुम्ही कुणाकुणासोबत वेळ घालवता? त्यातून कोण कुणाशी जोडलेलं आहे, याचं जाळं मिळालं. मग निम्म्या शाळांत मुलांचा एकेक छोटा गट चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला. भांडणं आणि छळ कशानं होतात, त्यावर काय करायचं, हे त्या गटानंच ठरवलं. फलक बनवले, भांडण मिटवणाऱ्याला मनगटावर नारिंगी पट्टी दिली. एका वर्षात त्या शाळांमधल्या भांडणाच्या शिस्तभंग-नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. गटात ज्यांच्याकडे इतरांचं लक्ष असतं अशी मुलं जितकी जास्त, तितका परिणाम मोठा. ही मुलं वर्गातली गुणवान किंवा शिक्षकांची लाडकी असतीलच असं नाही. मॉनिटर निवडताना आपण नेमकी हीच गल्लत करतो.

वर्गातल्या चर्चेचंही तसंच. १९९९ साली २८ देशांतल्या सुमारे ९० हजार चौदा वर्षांच्या मुलांची नागरिकत्वाविषयी पाहणी झाली. ज्या वर्गांत वेगळं मत मांडता येतं आणि शिक्षक ते ऐकून घेतात, तिथल्या मुलांची नागरी समज सरस होती, आणि मोठेपणी मतदान करू असं म्हणणारीही तिथे जास्त होती. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, या समजुतीला हे चांगलंच झोंबेल.

शिस्तीच्या बाबतीत तर शिक्षकाची नजर बदलली तरी फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ जेसन ओकोनोफुआ यांनी ३१ गणित-शिक्षकांना दोन छोटे ऑनलाइन पाठ दिले. काहींच्या पाठात, मूल असं का वागलं असेल ते समजून घेऊन शिस्त लावण्यावर भर होता. वर्षअखेरीस शाळेतून तात्पुरतं काढून टाकल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण इतर शिक्षकांकडे ९.६ टक्के होतं, या शिक्षकांकडे ४.८. मुलांना तर एक अक्षरही शिकवलं नव्हतं.

हार्टशॉर्न आणि मे यांची ती पेपर-चाचणी आज कुठल्याही शाळेत तशीच्या तशी करता येणार नाही. संशोधनाची नीतितत्त्वं आडवी येतील. मुलांच्या प्रामाणिकपणाचा एवढा मोठा अभ्यास उभा राहिला, तो हजारो मुलांना न सांगता त्यांच्या पेपरांच्या नकला काढून.