भडंग, भूक आणि जिभेला लागलेला बोल

सांगलीत भडंगाची पुडी फिरू लागली की अंगानं भरलेल्या माणसाला कुणीतरी सुनावतंच, "जिभेवर ताबा ठेव, वजन आपोआप उतरेल." सल्ला जुना आहे, पण अर्धवट.

भुकेचा कारभार जिभेकडे नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि साठा किती आहे याची वर्दी त्यातून मेंदूला मिळते. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं उंदरांमध्ये त्याचं जनुक शोधलं. ते जनुक बिघडलेले उंदीर खातच सुटतात. वजन घटलं की लेप्टिनही घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! (जत-आटपाडीकडच्यांना तो काय सांगायचा?) मग भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्चतं, उतरलेलं वजन पुन्हा चढतं. त्याला सरसकट आळस म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

मग लेप्टिनची इंजेक्शनं? बहुतेकांना फारसा उपयोग नाही. स्थूल माणसाच्या रक्तात ते सहसा जास्तच असतं, मेंदूच दाद देत नाही. जन्मतः ते न बनणाऱ्या मोजक्या रुग्णांना मात्र मोठा फरक पडतो.

आणि पोट भरलेलं असतानाही हात पुडीकडे जातो, त्यामागे डोपामाइन या मेंदूतल्या रसायनानं लावलेली ओढ असते.