मातीत किती घोडे लागतात?

बाइक घेताना पूर्वी ‘किती देते?’ एवढंच विचारायचे. हल्ली डर्ट बाइक बघायला शोरूममध्ये शिरलेला मुलुंडचा पोरगा आधी हॉर्सपॉवर विचारतो. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, गाड्यांचे रिव्ह्यू बघून बघून आकडे त्याला पाठ झालेले असतात. शर्यतीतली ४५० सीसीची गाडी साठीच्या आसपास हॉर्सपॉवर काढते आणि वजनाला असते ११० किलोच्या घरात. तिच्यापुढे हिरोची एक्सपल्स २०० फोरव्ही, १९ हॉर्सपॉवर आणि साधारण १६० किलो, अगदीच बापुडी वाटते. पण बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाकडच्या कच्च्या रस्त्यावर यातले किती घोडे खरंच कामाला येतात? गणित सातवी-आठवीतलंच आहे.

एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर वर उचललं, की एक हॉर्सपॉवर झाली. ब्रोशरमध्ये ‘पीएस’ लिहिलेलं असतं ते हेच, साधारण ७३५ वॉट. आता एक्सपल्स आणि तिच्यावर बसलेला स्वार मिळून २३० किलो धरू. त्यातला साठेक टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे १३८ किलो. ओल्या मातीवर टायरची पकड या भाराच्या फार तर ०.४ पट धरा. (जूनच्या लाल चिखलात तेवढीही मिळत नाही.) म्हणजे मागचं चाक जमिनीला जास्तीत जास्त ५४० न्यूटन इतक्या जोराने ढकलू शकतं. त्याहून जास्त जोर लावला, की चाक जागच्या जागी फिरतं आणि मागच्या मित्राच्या तोंडावर चिखल उडतो.

जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती. ताशी २० किलोमीटरने चाललात तर ५४० न्यूटनसाठी ३ किलोवॉट पुरतात, म्हणजे अवघे ४ हॉर्सपॉवर! उरलेले पंधरा घोडे इंजिनात असले काय नि नसले काय, जमीन त्यांना घेतच नाही. साठ हॉर्सपॉवरच्या गाडीचंही त्या वेगाला तेच होणार, फक्त चाक जास्त जोरात घसरणार. वेग ६० वर नेला तर हाच चिखल १२ हॉर्सपॉवरपर्यंत पचवतो. पण बांधाबांधाने जाणाऱ्या वाटेवर ६०ने जाणारा माणूस वेगळाच असतो.

शर्यतीचा ट्रॅक मात्र मुद्दाम नांगरून, पाणी मारून तयार केलेला असतो. ठोकळ्यांचे टायर त्या मातीत रुततात, त्यामुळे पकड बरीच वाढते. वर स्टार्टला पहिल्या वळणापर्यंतची धाव आणि उड्यांचे उभे चढ. तिथे जास्तीचा प्रत्येक घोडा वसूल होतो. रिव्ह्यू करणारा कसलेला रायडर अशाच ट्रॅकवर गाडी चालवून ‘टॉपला दम कमी’ असं म्हणतो. त्याचं चूक नाही, पण तो तुमच्या रस्त्याबद्दल बोलत नसतो.

दुसरी गोम आकड्यातच आहे. छापलेली हॉर्सपॉवर एका ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळते. एक्सपल्सची ८५०० ला, रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनची ६५०० ला. कागदावर १९ विरुद्ध २४, फरक पाचाचा. पण चिखलात ८५०० आरपीएमपर्यंत कोण रेझ करतं? ४००० आरपीएमला बघा. हिमालयनचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) तिथे जवळपास पूर्ण मिळतो, म्हणजे १८च्या आसपास हॉर्सपॉवर. एक्सपल्सचा टॉर्क कमाल १७.३५, तोही ६५०० ला. म्हणजे ४००० ला ती दहाचा आकडाही गाठत नाही. फरक जवळजवळ दुपटीचा! तरी मी चिखलात एक्सपल्सच घेईन. हिमालयन तिच्याहून चाळीस किलो जड आहे, आणि आडवी पडलेली गाडी उचलायला इंजिन मदत करत नाही. कमी पडणारा टॉर्क पहिल्या गिअरवर आणि अर्ध्या क्लचवर भागवता येतो, वजन कशावरच भागत नाही.

मग हॉर्सपॉवर लागते कुठे? बारवीला पोहोचेपर्यंतच्या डांबरावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. सपाट रस्त्यावर ताशी ६० ला तीन-साडेतीन हॉर्सपॉवर चाकाशी पुरतात, १०० ला बाराच्या आसपास लागतात. मागे कोणी बसलेलं, समोर चढ आणि बाजूला ट्रेलर, अशा वेळी नाशिक हायवेवर १९ घोड्यांची गाडी खरोखर हाफते. शनिवार-रविवार हायवेवरच जाणार असतील, तर जास्त हॉर्सपॉवरला पैसे मोजणं शहाणपणाचंच आहे.

मातीसाठी मात्र तेच पैसे टायरमध्ये घाला. पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं, समजा चौदाचं तेरा, तरी प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सात-आठ टक्क्यांनी वाढतो. टॉप स्पीड तितकाच घटतो, पण कच्च्या रस्त्यावर तो मागितला कोणी? चिखलात शिरण्याआधी टायरची हवा थोडी कमी केली तरी पकड सुधारते, फार उतरवली तर मात्र दगडावर आपटून ट्यूब चिमटते. म्हणून हातपंप बरोबर ठेवा आणि डांबराला लागण्याआधी हवा भरून घ्या. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि वळणावर गाडी डुलते.