मानवी जीनोम वाचायला मासा आणि उंदीर कशाला?

२००१ च्या फेब्रुवारीत मानवी जीनोमचा, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएचा, मसुदा छापून आला तेव्हा गाजावाजा खूप झाला, पण हातात आलं काय तर डीएनएच्या जवळपास ३०० कोटी अक्षरांची सलग ओळ, मध्ये ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. प्रथिनांची माहिती त्यात जेमतेम दीड टक्का, बाकीच्याला बरेच जण 'जंक' म्हणून मोकळे व्हायचे.

पण यात कामाचं काय हे ओळखायचं कसं? यावर तोड जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांच्या ग्रुपने आधीच, १९९३ मध्ये सुचवली होती: फुगू. हो, तोच जपानी विषारी मासा. त्याचा जीनोम आपल्या साधारण एक अष्टमांश, जीन्स (प्रथिनं बनवायची माहिती असलेले डीएनएचे तुकडे) मात्र बरेचसे तेच, फापटपसारा नाही. हिशेब असा की मासा आणि माणसाच्या वाटा वेगळ्या होऊन ४० कोटींहून जास्त वर्षं झाली, एवढ्या काळात बिनकामाचा भाग बदलत बदलत ओळखूच येईनासा होतो, आणि जो तसाच राहिलाय तो कामाचा असणार, कारण तो ज्यांच्यात बिघडला ते जीव टिकलेच नसणार.

२००२ च्या डिसेंबरात उंदराचा जीनोम आला आणि तुलनेत सुमारे ५ टक्के भाग असा जपलेला निघाला. त्यातले दीड टक्का गेले प्रथिनांना, मग उरलेले करतात काय?

माझं आवडतं उदाहरण झेडआरएस. सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा, हात-पाय घडवायला लागणाऱ्या ज्या 'सोनिक हेजहॉग' जीनला (नाव व्हिडिओ गेमवरूनच आलंय) तो चालू करतो त्याच्यापासून तब्बल १० लाख अक्षरं लांब, तेही दुसऱ्याच एका जीनच्या पोटात. फुगू, कोंबडी, उंदीर, माणूस, सगळ्यांत आहे. त्यातलं एकच अक्षर बदललं तरी माणसाला जादा बोट येऊ शकतं, हे २००३ मध्ये कळलं. सापांत त्याची पार वाट लागलीय, आणि २०१६ मध्ये सापाचा तुकडा उंदरात घातला तर उंदरांचे पाय खुंटलेच.

पण सगळंच इतकं सरळ नाही. २००४ साली २०० हून जास्त अक्षरांचे ४८१ तुकडे माणूस, उंदीर आणि रॅटमध्ये (मोठ्या जातीचा उंदीर) अक्षरशः जसेच्या तसे सापडले. म्हणजे हे काढले तर जीव जगूच नये ना? २००७ मध्ये चार तुकडे एकेक करून उडवून बघितले, उंदीर ठणठणीत, पिल्लंही झाली! मग इतकी वर्षं ते जपले कशाला, यावर बरीच डोकेफोड झाली. शेवटी २०१८ मध्ये मेंदूच्या वाढीत लागणाऱ्या एआरएक्स जीनजवळचे असे तुकडे काढून उंदरांचे मेंदू बारकाईने तपासले, तेव्हा तिथे दोष दिसले.